विश्लेषण : राजूरच्या वाटेवर ‘शुगर लो’ झाली तर? रुग्णवाहिका येईपर्यंत काय करायचे, काय टाळायचे?

अंगारकी चतुर्थी आली, की जालना-राजूर रस्त्यावर आदल्या रात्रीपासूनच भाविकांची रीघ लागते. अंतर साधारण २५ किलोमीटर. कुणी अनवाणी, कुणी कडेवर लेकरू घेऊन, तर कुणी नवस फेडायला निघालेले. भोकरदन तालुक्यातले राजूर हे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक मानले जाते. त्यामुळे जालन्याबरोबरच आसपासच्या जिल्ह्यांतूनही भाविक पायी येतात आणि बहुतेकांना उपवास असतो.

या गर्दीत साठी ओलांडलेले अनेक जण असतात. त्यातल्या काहींच्या पिशवीत मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिनचे पेन असते. सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली, पोटात चहा आणि मूठभर शेंगदाणे, आणि वर रात्रभराची चाल. रक्तातील साखर झपाट्याने खाली यायला एवढे पुरेसे असते.

‘शुगर वाढली’ की काय होते हे घरोघरी माहीत आहे. ‘शुगर कमी झाली’ तर काय करायचे, याबाबत मात्र गोंधळ असतो. वाढलेली साखर शरीराचे नुकसान बहुधा वर्षानुवर्षे करते, पण फार खाली गेलेली साखर काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकते. म्हणूनच यावरचा उपचार दवाखान्यात पोहोचल्यावर सुरू करून चालत नाही, तो माणूस जिथे बसला किंवा पडला तिथेच सुरू व्हावा लागतो. तो कसा, हे समजून घेऊ.

साखर ‘लो’ म्हणजे नेमकी किती?

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, की तिला वैद्यकीय भाषेत ‘हायपोग्लायसेमिया’ म्हणतात. तिच्या तीन पायऱ्या मानल्या जातात.

• ७० च्या खाली, पण ५४ किंवा त्याहून वर : धोक्याची पहिली घंटा. लगेच साखर घ्यायची.
• ५४ च्या खाली : मेंदूला साखर कमी पडू लागते. हा गंभीर टप्पा.
• आकडा कितीही असो, माणूस स्वतःला सावरू शकत नाही, दुसऱ्याची मदत लागते : ही तातडीची वैद्यकीय अवस्था.

साध्या हिशेबाने बघू. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. साखर १०० असेल तर या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आपला मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के असला, तरी शरीराची जवळपास २० टक्के ऊर्जा तोच खर्च करतो, आणि ग्लुकोजचा मोठा साठा त्याच्याकडे नसतो. रक्तातला तो चमचा अर्धा झाला, की सगळ्यात आधी झळ बसते ती मेंदूला.

उपवास, चाल आणि गोळी एकत्र आले की काय होते?

निरोगी माणसाने उपवास केला तर यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडते आणि स्वादुपिंड इन्सुलिन कमी करते. त्यामुळे दिवसभर काही न खाताही साखर फारशी घसरत नाही.

मधुमेहाच्या काही औषधांमुळे हे संतुलन बिघडते. टोचलेले इन्सुलिन तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही, ते आपले काम करतच राहते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या ‘सल्फोनिलयुरिया’ गटातल्या गोळ्याही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोट भरलेले असो वा रिकामे. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर अशी सहसा कोसळत नाही. पण बाजारात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत मिळते. त्यामुळे ‘माझी साधीच गोळी आहे’ असे म्हणण्याआधी पाकिटाच्या मागचे बारीक अक्षरांतले घटक वाचायला हवेत.

त्यात चालण्याची भर पडते. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेतात. मांडीत घेतलेले इन्सुलिन चालण्यामुळे लवकर शोषले जाऊ शकते. आणि हा परिणाम मुक्कामाला पोहोचल्यावर संपत नाही. मोठ्या चालीनंतर पुढचे २४ तास साखर खाली येण्याची शक्यता राहते. म्हणजे दर्शन झाले, परतीच्या गाडीत बसले, रात्री घरी झोपले, तरी धोका टळला असे म्हणता येत नाही.

संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो. वद्य चतुर्थीला चंद्र बहुधा रात्री साडेआठ ते दहाच्या सुमारास उगवतो. म्हणजे सकाळच्या गोळीनंतरचे पहिले पोटभर जेवण १२ ते १४ तासांनी. वय जास्त असेल, मूत्रपिंड अधू असेल, तर औषध शरीरात आणखी जास्त वेळ रेंगाळते.

‘पिलाय वाटतं’, ‘ऊन लागलं’, ‘अंगात आलं’

साखर खाली येऊ लागली की शरीर आधी इशारे देते : हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, एकदम कडकडून भूक, ओठांना मुंग्या. दुर्लक्ष झाले तर पुढची लक्षणे मेंदूची असतात : बोलणे अडखळणे, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, विचित्र वागणे, तोल जाणे, झटके आणि शेवटी बेशुद्धी.

यात्रेच्या गर्दीत नेमकी गफलत इथे होते. झोकांड्या खाणाऱ्या माणसाला लोक दारुडा समजून बाजूला ढकलतात. घामाघूम होऊन बसलेल्याला ‘ऊन लागलं’ म्हणून तोंडावर पाणी मारतात. असंबद्ध बोलणाऱ्या बाईच्या ‘अंगात आलं’ म्हणून हात जोडले जातात. काही वेळा साखर कमी झाल्यामुळे एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो आणि डॉक्टरांनाही आधी अर्धांगवायूची शंका येते. म्हणूनच अर्धांगवायूचा संशय असलेल्या रुग्णाचीही साखर आधी तपासायची, असा वैद्यकीय शिरस्ता आहे.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी ‘बीटा ब्लॉकर’ गटातली गोळी सुरू असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. आणि ज्यांची साखर वारंवार खाली जाते, त्यांच्या शरीराचे इशारेच बोथट होतात. ते चालता-बोलता थेट गोंधळलेल्या अवस्थेत जाऊ शकतात. स्वतःला काही झाले आहे हे त्या माणसाला कळतच नाही, त्यामुळे सोबत्याने ओळखणे महत्त्वाचे ठरते.

शुद्धीवर असेल तर : ‘१५-१५’चा नियम

समजा, वाटेत एक काका एकाएकी रस्त्याच्या कडेला टेकले. घाम फुटलाय, हात थरथरतायत, पण हाक मारली की ‘ओ’ देतात, पाण्याचा घोट नीट गिळतात. अशा वेळी ‘काका, शुगरची गोळी असते का तुम्हाला?’ हा एक प्रश्न विचारायचा आणि कामाला लागायचे.

१. चालणे लगेच थांबवा, सावलीत बसवा.
२. १५ ग्रॅम साखर द्या. ग्लुकोजची पूड किंवा साधी साखर, सपाट चार किंवा शीग भरलेले तीन चहाचे चमचे, अर्धा पेला पाण्यात ढवळून.
३. १५ मिनिटे थांबा. ग्लुकोमीटर असेल तर साखर पुन्हा तपासा.
४. अजून ७० च्या खाली असेल किंवा बरे वाटत नसेल तर आणखी १५ ग्रॅम द्या.
५. साखर वर आली की केळे, दूध किंवा फराळाचे काहीतरी पोटाला आधार म्हणून द्या. १५ ग्रॅम साखरेचा परिणाम फार काळ टिकत नाही.

दोनदा देऊनही फरक पडला नाही, किंवा मध्येच गुंगी वाढू लागली, तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

ग्लुकोमीटर जवळ नसेल तर? मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला अशी लक्षणे असतील, तर साखर कमी झाली आहे असेच धरून चालायचे. तीन-चार चमचे साखरेने वाढलेली साखर थोडी आणखी वाढेल, त्याने तातडीचे नुकसान होत नाही. पण साखर खरोखर कमी असताना ती दिली नाही, तर जिवावर बेतू शकते.

तपासणीत एक चूक नेहमी होते. पेढ्याने किंवा साखरपाण्याने चिकट झालेल्या बोटातून रक्त घेतले तर यंत्र खोटा मोठा आकडा दाखवते. बोट आधी पाण्याने धुऊन कोरडे करा, मगच सुई टोचा.

पेढा, खिचडी, ओआरएस : काय उपयोगाचे, काय नाही?

• ग्लुकोज पूड : सगळ्यात चांगली. पोटातून थेट रक्तात जाते.
• साखर, गूळ, मध : चालतात. पाण्यात विरघळवून दिले तर लवकर लागू पडतात.
• साधे कोल्ड्रिंक किंवा गोड सरबत : साधारण १५० मिलिलिटर. ‘डाएट’ किंवा ‘झिरो शुगर’ लिहिलेल्या बाटलीचा काहीही उपयोग नाही. शुगर फ्रीच्या गोळ्यांचेही तेच.
• पेढा, बर्फी, चॉकलेट : गोड असले तरी पहिला उपाय म्हणून नकोत. त्यातल्या खव्या-तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. दुसरे काहीच नसेल तर मात्र काही न देण्यापेक्षा पेढा बरा.
• साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू : तेल-तूप आणि दाण्याच्या कुटामुळे सावकाश पचतात. साखर वर आल्यानंतर द्यायला ठीक.
• ओआरएस : जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या १ लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असते १३.५ ग्रॅम. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात तीन ग्रॅमही नाही. जुलाबासाठी ते उत्तम आहे, घसरलेल्या साखरेसाठी अपुरे.
• गरम चहा : साखर घातलेला असला तरी घाईने पिता येत नाही, आणि थरथरत्या हाताला चटका बसतो.

यात एक अपवाद आहे. ज्यांच्या गोळीत वोग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांना साधी साखर देऊन लवकर फरक पडत नाही. ही औषधे आतड्यात साखर फोडण्याची क्रियाच मंदावतात. अशांना ग्लुकोज पूडच द्यावी लागते, कारण ग्लुकोज फोडावे लागत नाही. आपल्याकडे वोग्लिबोज असलेल्या गोळ्या बऱ्याच वापरल्या जातात, त्यामुळे पिशवीत साखरेऐवजी ग्लुकोज पुडा ठेवणे शहाणपणाचे.

पण उपवास मोडेल, त्याचे काय?

अनेक ज्येष्ठ इथेच अडतात. ‘चंद्र दिसेपर्यंत काही घेणार नाही’ असा हट्ट असतो आणि घरच्यांनाही आजी-आजोबांना जबरदस्ती करवत नाही. पण साखर, गूळ, मध, केळे, खजूर, दूध हे सगळे आपल्याकडे उपवासाला चालणारेच पदार्थ आहेत. घसरलेल्या साखरेवरचे पहिले औषध उपवासाच्या ताटातच आहे. ज्यांनी निर्जळी धरली आहे, त्यांनी मात्र इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया सुरू असताना ती धरावी का, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे.

उपवास आणि मधुमेह यांचा सर्वाधिक अभ्यास रमजानच्या रोजांबाबत झाला आहे. १३ देशांतील मधुमेही मुस्लिमांची माहिती घेऊन २००१ मध्ये झालेल्या ‘एपिडायर’ अभ्यासात असे दिसले, की रमजानमध्ये दवाखाना गाठावा लागेल इतकी साखर कमी होण्याचे प्रमाण टाइप-१ मधुमेहींमध्ये ४.७ पटीने, तर टाइप-२ मधुमेहींमध्ये ७.५ पटीने वाढले होते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने तयार झालेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितले गेले : साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, अथवा अस्वस्थ वाटू लागले, तर रोजा लगेच सोडावा. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, हेही त्यात आहे. धर्म आणि उपवासाची रीत वेगळी असली तरी शरीराचे गणित तेच राहते. संकष्टीलाही हाच आकडा लक्षात ठेवता येईल.

बेशुद्ध असेल तर : तोंडात काहीही घालू नका

सगळ्यात मोठी चूक इथे होते. माणूस निपचित पडलेला असताना चार जण धावतात. एक तोंडात पाणी ओततो, दुसरा साखर कोंबतो, तिसरा कांदा हुंगवतो. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. तोंडात घातलेले पाणी किंवा साखर श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरू शकतो. साखर कमी झाल्याने जितका धोका, तितकाच या मदतीने वाढतो.

त्याऐवजी हे करा.

• १०८ ला लगेच फोन करा. ‘मधुमेहाचा रुग्ण आहे, बेशुद्ध आहे, साखर कमी झाल्याचा संशय आहे’ हे तीन मुद्दे आधी सांगा. मग जागा : जवळचे गाव, फाटा, पेट्रोल पंप किंवा किलोमीटरचा दगड.
• रुग्णाला एका कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडा, मान किंचित मागे ठेवा. उलटी झाली तरी ती बाहेर पडेल.
• श्वास चालू आहे का, बघत राहा. श्वास थांबला किंवा फक्त आचके लागत असतील तर छातीवर दाब देणे सुरू करा.
• झटके येत असतील तर हात-पाय दाबून धरू नका, दातांत चमचा घालू नका.
• इन्सुलिन चुकूनही टोचू नका. ‘शुगरचा पेशंट आहे, इन्सुलिन द्या’ असा सल्ला गर्दीतून येऊ शकतो. तो जीवघेणा ठरेल.
• गोळ्यांची पाकिटे, इन्सुलिनचे पेन, डॉक्टरांची चिठ्ठी शोधून रुग्णासोबत द्या.

१०८ आल्यावर काय व्हायला हवे?

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या : २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या. चालकासोबत डॉक्टर, हे या सेवेचे वैशिष्ट्य. त्यामुळे उपचार रुग्णवाहिकेतच सुरू होणे अपेक्षित असते.

बेशुद्ध किंवा गोंधळलेला कोणताही रुग्ण असला, तरी श्वास आणि नाडी बघितल्यावर लगेच बोटाला टोचून साखर तपासायची, हा जगभरच्या रुग्णवाहिका सेवांचा नियम आहे. तपासणीला मिनिटही लागत नाही. नातेवाइकांनीही अदबीने विचारायला हरकत नाही : ‘डॉक्टर, शुगर किती आली?’

साखर कमी निघाली आणि रुग्णाला गिळता येत नसेल, तर शिरेतून ‘डेक्स्ट्रोज’ म्हणजे ग्लुकोजचे द्रावण दिले जाते. २५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचे तर ते तीन प्रकारे देता येते.

• १० टक्के द्रावण : २५० मिलिलिटर
• २५ टक्के द्रावण : १०० मिलिलिटर
• ५० टक्के द्रावण : ५० मिलिलिटर

साखर शिरेत गेली, की काही मिनिटांत माणूस डोळे उघडतो, ‘मी कुठे आहे?’ विचारतो. बघणाऱ्याला हा चमत्कारच वाटतो.

घट्ट द्रावण बरे की पातळ?

पूर्वी ५० टक्क्यांचे घट्ट द्रावण सर्रास वापरले जाई. ते शिरेला जाचक असते. सुई शिरेतून निसटली आणि द्रावण आजूबाजूच्या मांसात गेले तर तिथली त्वचा आणि पेशी मरू शकतात. हलत्या रुग्णवाहिकेत, म्हाताऱ्या माणसाच्या नाजूक शिरेबाबत हा धोका खरा आहे.

ब्रिटनमध्ये रुग्णवाहिकेतल्या ५१ रुग्णांवर याची तुलना झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १० टक्के आणि ५० टक्के द्रावण थोडे थोडे करून दिले गेले. दोन्ही गटांत पूर्ण शुद्धीवर यायला लागलेला मध्यक वेळ सारखाच होता : ८ मिनिटे. पण पातळ द्रावणाच्या गटाला ग्लुकोज लागले १० ग्रॅम, तर घट्ट द्रावणाच्या गटाला २५ ग्रॅम. त्यामुळे उपचारानंतरची साखर पहिल्या गटात साधारण ११२, तर दुसऱ्यात १६९ पर्यंत गेली. पातळ द्रावणाने काम तितक्याच वेळात झाले आणि साखर उगाच उसळली नाही. आज ब्रिटनच्या रुग्णवाहिकांमध्ये १० टक्के द्रावणच प्रमाण मानले जाते.

‘सलाईन लावली’ म्हणजे साखर मिळाली का?

प्रत्येक वेळी नाही. गावाकडे बाटली लटकली की उपचार झाले, असा समज आहे. पण ‘नॉर्मल सलाईन’ म्हणजे मिठाचे पाणी, त्यात साखर शून्य. ‘रिंगर लॅक्टेट’मध्येही ग्लुकोज नसते. ‘५ टक्के डेक्स्ट्रोज’च्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते खरे, पण थेंबथेंब चढवली तर ते रक्तात पोहोचायला तास लागतो. बेशुद्ध रुग्णाला तेवढी उसंत नसते. म्हणून बाटलीवर काय लिहिले आहे, हे महत्त्वाचे.

शीरच सापडली नाही तर?

अशा वेळी ‘ग्लुकागॉन’ कामी येते. हे इन्सुलिनच्या उलट काम करणारे संप्रेरक. १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन दंडात किंवा मांडीत देतात आणि साधारण १०-१५ मिनिटांत यकृत आपला साठा रक्तात सोडते. घरातली शिकवलेली व्यक्तीही ते देऊ शकते. अमेरिकेत २०१९ मध्ये नाकात फवारायच्या ३ मिलिग्रॅमच्या ग्लुकागॉनला मंजुरी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ग्लुकागॉन आहे. आपल्याकडे मात्र ते महाग आहे आणि गावातल्या औषध दुकानात सहज मिळत नाही.

त्याला एक मर्यादाही आहे. यकृतात साठाच नसेल तर ग्लुकागॉन काय सोडणार? दीर्घ उपवास, उपासमार किंवा मद्यपान यानंतर त्याचा परिणाम कमी होतो. उपाशीपोटी चालणाऱ्या भाविकासाठी त्यामुळे पिशवीतला ग्लुकोज पुडा हाच अधिक भरवशाचा.

शुद्ध आली, मग दवाखान्यात कशाला?

‘आता बरं वाटतंय, दर्शन करून घेतो’ असे म्हणत अनेक जण रुग्णवाहिकेतून उतरू पाहतात. इन्सुलिन घेणारा रुग्ण पूर्ण शुद्धीत असेल, नीट जेवला असेल, सोबत कुणी असेल, तर डॉक्टर त्याला परवानगी देऊ शकतात. पण सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळीमुळे साखर पडली असेल तर तसे करू नये. गोळीचा अंमल २४ तास, मूत्रपिंड अधू असल्यास त्याहून अधिक काळ राहतो. दिलेले ग्लुकोज तासाभरात वापरले जाते आणि साखर पुन्हा कोसळते. बऱ्याचदा रात्री, झोपेत. अशा रुग्णाला दवाखान्यात ठेवून दर थोड्या वेळाने साखर तपासावी लागते.

बरे वाटताच दुचाकीला किक मारणेही धोक्याचे. मेंदू सावरायला साखरेच्या आकड्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ब्रिटनमध्ये साखर पूर्ववत झाल्यावर किमान ४५ मिनिटे वाहन चालवू नये, असा नियम सांगितला जातो.

निघण्यापूर्वी एवढे करा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के. म्हणजे शंभर प्रौढांच्या दिंडीत सरासरी अकरा मधुमेही. तेव्हा ही तयारी प्रत्येक दिंडीची असायला हवी.

• आठवडाभर आधी डॉक्टरांना ‘उपवास आहे आणि पायी जाणार आहे’ असे स्पष्ट सांगा. त्या दिवशीचा डोस कमी करायचा, वेळ बदलायची की गोळी वगळायची, हे तेच ठरवतील. टाइप-१ मधुमेहींनी इन्सुलिन मनाने पूर्ण बंद करू नये, तेही तितकेच घातक आहे.
• ‘ग्लिफ्लोझिन’ गटातली गोळी असेल तर तेही सांगा. उपाशीपोटी आणि पाणी कमी पडल्यावर तिचे वेगळे धोके असतात.
• निघताना साखर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, मग पाऊल उचला. वाटेतही तपासत राहा.
• खिशात ग्लुकोज पुडा ठेवा. पिशवी सोबत्याकडे राहते, खिसा आपल्याकडे असतो.
• नाव, घरच्यांचा फोन, औषधांची नावे आणि ‘मला मधुमेह आहे’ हे लिहिलेला कागद जवळ असू द्या.
• इन्सुलिन आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाने दोन्ही खराब होतात.
• एकटे चालू नका. सोबत्याला लक्षणे आणि उपाय आधीच सांगून ठेवा.

वाटेवर भाविकांसाठी चहा-फराळाचे स्टॉल लावणाऱ्या मंडळांनाही यात मोठे काम करता येईल. एक ग्लुकोमीटर, पट्ट्यांची डबी आणि ग्लुकोजचे काही डबे एवढ्या सामानात स्टॉलवर प्रथमोपचाराची सोय होऊ शकते. स्टॉलवरच्या एका कार्यकर्त्याला ‘१५-१५’चा नियम पाठ असला, तर पुढच्या काकांना ‘पिलाय वाटतं’ म्हणून कुणी बाजूला ढकलणार नाही.

थोडक्यात : शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर आधी साखर, मग बाकी सगळे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही नाही. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि गोळीमुळे साखर पडली असेल तर बरे वाटले तरी दवाखाना चुकवू नका.